पेटीतून येणारं वाचनालय

"जा, पुस्तक बदलून आण." कित्येक मराठी मुलांची वाचनालयाशी पहिली ओळख या हुकमानं झाली. आईची कादंबरी किंवा आजीचा दिवाळी अंक पिशवीत घालून मूल निघायचं, ग्रंथपाल वहीत नोंद करायचे, आणि घर येईपर्यंत मोठ्यांच्या पुस्तकाची चार पानं वाचून झालेली असायची. वर्गणीदार एक, वाचणारे पाच!

स्वतःच्या नावाचं कार्ड मात्र उशिराच हाती यायचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली सुरू झालं, मुंबईचं १८९८ साली. अशा संस्था शिकलेल्या, हौशी मंडळींनी वर्गणीवर चालवल्या. मुलं वर्गणी कुठून भरणार?

मुलांचा वेगळा विचार झाला तो बडोद्यात. तिथले महाराज सयाजीराव गायकवाड मूळचे मालेगावकडच्या कवळाण्याचे. १८७५ साली दत्तक जाऊन गादीवर बसले तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बालपणी पुस्तक न पाहिलेल्या या राजानं १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पण शाळा सुटल्यावर हाती पुस्तक नसेल तर गिरवलेली अक्षरंही पुसली जातात, हे त्यांनी ओळखलं. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं. राजवाड्यातली आपली सुमारे वीस हजार पुस्तकं मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकली आणि वाचन सर्वांना मोफत केलं. तिथे मुलांसाठी स्वतंत्र खोली होती, चित्रांची पुस्तकं होती आणि चक्क खेळही होते. वाचनालयात खेळ! आजही काही ग्रंथपालांच्या कपाळावर आठी उमटेल.

खेड्यांसाठीची युक्ती याहून साधी होती. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत. ने-आणीचा खर्च दरबार करी.

ही पेटी आठवते ती छत्तीसगडमधल्या रसमड्यासारख्या ठिकाणांमुळे. मुंबई-हावडा मार्गावर दुर्ग आणि राजनांदगाव यांच्यामधलं हे छोटं स्टेशन. १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती. त्याच दशकात शेजारी भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहू लागला आणि नोकरीच्या निमित्तानं मराठी कुटुंबंही इकडे आली. त्यांच्या मुलांची शाळा हिंदीत, खेळ छत्तीसगढी बोलणाऱ्या सवंगड्यांबरोबर, आणि मराठी उंबऱ्याच्या आत. महाराष्ट्रातल्या वाचनालयांना १९६७ च्या कायद्यानुसार सरकारी अनुदान मिळतं. तो कायदा राज्याच्या सीमेशी थांबतो. मूठभर घरांच्या वर्गणीत जागा, कपाटं आणि ग्रंथपालाचा पगार बसवणं अवघडच.

पेटीला यातलं काहीच लागत नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमानं २००९ पासून ते दाखवून दिलं आहे. विनायक रानडे यांनी सुरू केलेल्या या योजनेत शंभर पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडे जाते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी तिची अदलाबदल होते. अशा पेट्या दुबईपर्यंत पोचल्या. मग नागपूरहून रेल्वेनं काही तासांवर असलेल्या दुर्ग-रसमड्याला मुलांच्या पुस्तकांची पेटी यायला हरकत कसली? फक्त ती मागवणारा एक माणूस हवा: कोपऱ्यात जागा देणारा, वही ठेवणारा, आणि शेजारची पोरं चपला न काढता आत घुसली तरी न ओरडणारा.