दरबारची रोजकीर्द

दिवसभराच्या व्यवहाराची रोजकीर्द लिहून झाल्याशिवाय पेढीचा दिवस मावळत नाही, ही आपल्याकडील जुनी रीत. बँकांमध्ये संगणक आले, तरी त्या दिवसाची नोंद त्याच दिवशी पूर्ण करण्याचा दंडक कायम आहे. राजदरबारांतही अशी रोजकीर्द लिहिली जात असे. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधान मंडळातील मंत्री, अर्थात वाकनीस, याच कामासाठी नेमलेला असे. राजाच्या दैनंदिन कामकाजाची नोंद ठेवणे हे त्याचे कर्तव्य. 'वाकिआनवीस' म्हणजे घडामोडी लिहिणारा, या फारसी शब्दाचे हे मराठी रूप होय.

मात्र जो नोंद लिहितो तो राजाचाच चाकर. मग राजाला न रुचणारे सत्य तो लिहू शकेल काय?

कोरियातील जोसॉन घराण्याने (१३९२ ते १९१०) या प्रश्नाचे उत्तर नियमांतून दिले. दरबारी इतिहासकारांची टिपणे गादीवरील राजाला पाहता येत नसत. राजाच्या निधनानंतरच त्यांवरून त्याच्या कारकिर्दीचा इतिहास सिद्ध होई. १४०४ मध्ये राजा तेजोंग शिकारीत घोड्यावरून पडला आणि ही गोष्ट इतिहासकाराला कळू देऊ नका, असे त्याने बजावले. ते बजावणेही इतिहासात नोंदले गेले! या ग्रंथाच्या प्रती निरनिराळ्या गावी ठेवलेल्या असत. म्हणूनच १५९२ च्या जपानी आक्रमणात अन्य ठिकाणच्या प्रती नष्ट झाल्या, तरी चोंजू येथील प्रत वाचली. १९९७ मध्ये युनेस्कोने हा ठेवा जागतिक स्मृतींच्या नोंदवहीत समाविष्ट केला.

आलमगिराची बातमीपत्रे

मोगल दरबारात असा नियम नव्हता. औरंगजेबाच्या पहिल्या दहा वर्षांचा अधिकृत इतिहास, मुहम्मद काझिमकृत 'आलमगीरनामा', लिहिला गेला. त्यानंतर बादशहाने हे लेखन थांबविले. पुढील जवळजवळ चाळीस वर्षे मात्र अंधारात गेली नाहीत, याचे श्रेय 'अखबारात'ना, म्हणजे दरबारच्या बातमीपत्रांना द्यावे लागेल. आज दरबारात कोण हजर झाले, कोणास मनसब मिळाली, कोणत्या सुभ्यातून काय वर्तमान आले, बादशहाने काय हुकूम दिला, हे सारे या लहान कागदांवर शिकस्ता लिपीत, म्हणजे घाईच्या फारसी अक्षरांत टिपलेले असे. आंबेरच्या राजांचे वकील हे कागद आपल्या धन्याकडे पाठवीत. त्यामुळे बादशहाच्या दरबाराची ही हकीकत टिकून राहिली ती त्याच्या मांडलिकाच्या दप्तरखान्यात. त्यांतील काही कागद कर्नल टॉड यांच्यामार्फत लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत पोहोचले.

कोलकात्याचे ऋण

या विखुरलेल्या कागदांच्या नकला मिळवून त्यांचा कसून उपयोग करणारे इतिहासकार म्हणजे सर यदुनाथ सरकार (१८७० ते १९५८). १९२६ ते १९२८ या काळात ते कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांचा औरंगजेबाचा पंचखंडात्मक इतिहास १९१२ ते १९२४ या काळात प्रसिद्ध झाला. त्यांचा ग्रंथसंग्रह व या नकला आज कोलकात्यात, अलीपूरच्या बेल्व्हेडिअर परिसरातील राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

मराठी वाचकाला या संग्रहाचे अगत्य का वाटावे? औरंगजेबाच्या आयुष्याची अखेरची पंचवीस वर्षे दक्षिणेत मराठ्यांशी झुंजण्यात गेली. संभाजी महाराज, राजाराम महाराज आणि महाराणी ताराबाई यांच्या त्या खडतर काळातील मराठी कागद तुलनेने थोडेच उरले आहेत. गडकोटांचे वेढे आणि मराठी फौजांच्या हालचाली यांचा माग अनेकदा शत्रूच्या या रोजच्या टिपणांतूनच लागतो. सेतु माधवराव पगडी यांनी 'मोगल दरबारची बातमीपत्रे' मराठीत आणून हे दालन आपल्याला खुले केले.

शत्रूची नोंद जशीच्या तशी स्वीकारता येत नाही, हे उघड आहे. दरबारात विजय मोठा होऊन सांगितला जातो, पराजय दबक्या आवाजात. म्हणून यदुनाथ फारसी कागद मराठी, इंग्रजी व पोर्तुगीज कागदांशी ताडून पाहत. या कामी रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याशी त्यांचा दीर्घ स्नेह जुळला. पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे खंड हे या बंगाली-मराठी सहकार्याचे फळ होय. एका बाजूच्या वहीतील रक्कम दुसऱ्या बाजूच्या वहीशी जुळवून पाहण्याचाच हा प्रकार!

बँकेचे कर्मचारी व ग्राहक या दोघांनाही यात एक ओळखीची गोष्ट आढळेल. आपली नोंद आपल्यापुरतीच राहिली, तर तिची सत्यता सर्वस्वी आपल्या प्रामाणिकपणावर अवलंबून राहते. तीच नोंद दुसऱ्याच्या हाती पोहोचली की ती पडताळता येते, आणि संकटातून वाचण्याचीही शक्यता वाढते. ग्राहकाच्या हातातील पासबुक हे त्याच जातीचे. बादशहाने आपला इतिहास लिहिणे थांबविले. आंबेरच्या वकिलाने मात्र आपली प्रत धाडली होती.