प्रवासी शीतपेटी

प्रवासी शीतपेटी म्हणजे प्रवासात, शिबिरात किंवा वनपर्यटनाच्या वेळी अन्न, पेये व औषधे थंड राखण्यासाठी वाहनातून नेता येणारी उष्णतारोधक पेटी होय. साध्या पेटीत बर्फ भरावा लागतो, तर विजेवर चालणाऱ्या पेटीत शीतकरणाची यंत्रणा असते. बोलण्यात तिला 'आइस बॉक्स' किंवा 'बर्फाची पेटी' म्हणतात. इंग्रजीतील 'कूलर' हे नाव मात्र विदर्भात गोंधळाचे ठरते, कारण येथे कूलर म्हटले की खिडकीत बसवलेला, वाळ्याच्या ताट्यांचा हवा थंड करणारा पंखाच डोळ्यांसमोर येतो.

पेटीची निवड सर्वाधिक अवलंबून असते ती बाहेरच्या तापमानावर. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात दिलेले आकडे बहुधा २५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या हवेतील असतात. पूर्व विदर्भातील उन्हाळ्यात ते लागू पडत नाहीत.

भंडारा जिल्ह्यातील परिस्थिती

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात दुपारचे तापमान बऱ्याचदा ४२ ते ४५ अंशांपर्यंत जाते. वनपर्यटनाचा भर नेमका याच दिवसांत असतो. पाणवठे आटल्याने उरलेल्या पाण्यावर प्राणी दिसण्याची शक्यता वाढते आणि पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पांचे मुख्य क्षेत्र पर्यटकांसाठी बंद असते. २०१३ मध्ये घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात कोका अभयारण्याचा समावेश आहे. जिल्ह्याच्या दक्षिणेस पवनी तालुक्याला लागून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. नागपूरकडून येणारी वाहने राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून भंडारा, लाखनी व साकोलीकडे जातात. महामार्ग सोडल्यावर बर्फ मिळण्याची खात्री नसते. म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी बर्फ व अखंड वीज दोन्ही नाहीत असे धरूनच आखणी केलेली बरी.

शीतपेटी ही या जिल्ह्याला नवी वस्तू नाही. मालगुजारी तलाव, वैनगंगा आणि गोसीखुर्दच्या जलाशयातील मासळी थर्माकोलच्या पेट्यांतून, बर्फाच्या थरांत रचून बाजारात जाते. उष्ण प्रदेशात मासळीच्या वजनाइतकाच बर्फ घ्यावा, असा या व्यवसायातला सर्वसाधारण संकेत आहे. सहलीला निघालेले कुटुंब मात्र पेटी खाण्याच्या वस्तूंनी काठोकाठ भरते आणि उरलेल्या फटीत बर्फ कोंबते. दुपारपर्यंत पेटीत कोमट पाणी होते, ते यामुळेच.

बर्फाचा हिशेब

शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषून घेतो. पंचवीस लिटरच्या, तीन सेंटिमीटर जाडीच्या फोमच्या भिंती असलेल्या पेटीचा बाह्य पृष्ठभाग ढोबळमानाने ०.६ चौरस मीटर असतो. दिवसरात्रीचे सरासरी तापमान ३५ अंश धरल्यास अशा पेटीत सुमारे २० वॅट दराने उष्णता झिरपते. म्हणजे झाकण एकदाही न उघडता चोवीस तासांत पाच किलोंहून थोडा अधिक बर्फ वितळतो. हिवाळ्यात, सरासरी २० अंशांच्या हवेत, हेच प्रमाण तीन किलोंच्या आसपास येते. त्यामुळे डिसेंबरमध्ये दोन दिवस पुरलेली पेटी मे महिन्यात एका दिवसात हात टेकते, यात पेटीचा दोष नसतो.

भिंतीची जाडी दुप्पट केली की झिरपणारी उष्णता जवळजवळ निम्मी होते. म्हणून खरेदी करताना बाहेरच्या आकारापेक्षा भिंतीची व विशेषतः झाकणाची जाडी पाहावी. अनेक स्वस्त पेट्यांची झाकणे आतून पोकळ असतात. पॉलियुरेथेन फोम हा थर्माकोलपेक्षा चांगला उष्णतारोधक आहे आणि प्रवासाच्या धक्क्यांनी त्याचा भुगा होत नाही. झाकणाच्या कडेला रबरी पट्टी आणि तळाशी पाणी काढण्याची तोटी असणे उपयुक्त ठरते.

बर्फाची अखंड लादी चुऱ्यापेक्षा बराच वेळ टिकते, तर चुरा वस्तू लवकर थंड करतो. पेटी आदल्या रात्री थोडा बर्फ टाकून आतून गार करून घ्यावी आणि वस्तू घरच्या फ्रिजमध्ये थंड करूनच भराव्यात. पिण्याच्या पाण्याची पेटी वेगळी ठेवणे सर्वांत फायद्याचे असते, कारण झाकण वारंवार उघडले जाते ते पाण्यासाठीच. कोरड्या उन्हाळ्यात पेटीवर ओले पोते टाकल्यास बाष्पीभवनामुळे भिंती गार राहतात. माठ ज्या तत्त्वावर चालतो तेच हे तत्त्व. पावसाळ्याच्या दमट हवेत त्याचा फारसा उपयोग होत नाही.

कारखान्यातील लादी खाण्यायोग्य असेलच असे नाही. महाराष्ट्रात अखाद्य बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम २०१८ पासून आहे. असा बर्फ सरबतात टाकू नये व उघड्या अन्नाला लागू देऊ नये. त्यापेक्षा घरी गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या बऱ्या. त्या वितळल्यावर पिण्याचे पाणीही हाती राहते.

विजेवरील पेट्या

'कार फ्रिज' या नावाने मिळणाऱ्या स्वस्त पेट्या बहुतेक तापविद्युत पद्धतीच्या असतात. फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ पेल्टिए यांनी १८३४ मध्ये नोंदवलेल्या परिणामावर त्या चालतात: दोन भिन्न पदार्थांच्या सांध्यातून वीज गेली की एक बाजू थंड व दुसरी गरम होते. त्यांत हलणारा भाग केवळ पंख्याचा असतो, वजन कमी असते. परंतु अशी पेटी बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंशच खाली जाऊ शकते. बाहेर ४४ अंश असताना आतील तापमान २४ अंशांखाली जाणे कठीण. त्या तापमानाला दूध नासते आणि इन्सुलिन शीतगृहात ठेवल्यासारखे राहत नाही. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यासाठी ही पेटी घेऊ नये. आधीच गार केलेल्या बाटल्या थोडा वेळ गार ठेवणे, एवढेच काम तिच्याकडून होते.

काँप्रेसरच्या पेट्या घरगुती फ्रिजसारख्याच चालतात आणि तीव्र उन्हातही ४ अंश तापमान राखू शकतात. अनेक पेट्यांत वस्तू गोठवताही येतात. त्या जड व बऱ्याच महाग असतात. दोन दिवसांहून अधिक मुक्काम असेल, किंवा मासळी, मांस व दुधाचे पदार्थ न्यायचे असतील, तरच हा खर्च सार्थ ठरतो.

गॅसवरही चालणारी शोषण पद्धतीची पेटी स्वीडनमध्ये बाल्टझार फॉन प्लाटेन व कार्ल मुंटर्स या अभियंत्यांनी १९२२ मध्ये विकसित केलेल्या फ्रिजवर आधारित आहे. ती सपाट जागी ठेवावी लागते आणि बंद वाहनात गॅसवर चालवणे धोक्याचे असते.

विजेवरील पेटी घेणाऱ्यांना बॅटरीचा अंदाज बहुधा उशिरा येतो. लहान मोटारीच्या बॅटरीची क्षमता साधारण ३५ ते ४५ अँपिअर-तास असते. ४५ वॅटचा काँप्रेसर उन्हाळ्यात निम्मा वेळ चालला तरी दिवसाला सुमारे ४५ अँपिअर-तास वीज खर्च होते. तापविद्युत पेटी तर अखंड वीज ओढते. इंजिन बंद ठेवून रात्रभर पेटी चालवल्यास सकाळच्या सफारीच्या वेळी गाडी सुरूच होत नाही. म्हणून विद्युतदाब ठरावीक मर्यादेखाली गेल्यावर आपोआप बंद होणारी पेटी निवडावी किंवा वेगळी बॅटरी न्यावी. काही मोटारींत किल्ली काढताच सॉकेटची वीजही बंद होते. अशा वेळी पेटी चालू आहे असे समजून निर्धास्त राहण्याचा धोका असतो.

औषधे

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते आणि एकदा गोठले की ते टाकून द्यावे लागते. उन्हात उभ्या मोटारीत ते राहू देणे जितके घातक, तितकेच ते बर्फाला चिकटवून ठेवणेही. लसीकरणासाठी गावोगाव जाणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांची पद्धत येथे अनुकरणीय आहे. त्यांच्या लसवाहक डब्यात गोठवलेल्या बर्फाच्या पिशव्या तशाच घालत नाहीत. हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत त्या बाहेर ठेवतात. पाणी सुटू लागले म्हणजे पिशवी शून्य अंशावर आली, आणि लस गोठण्याची भीती कमी झाली. इन्सुलिनसाठीही हेच करावे, कुपी कापडात गुंडाळावी आणि पेटीत साधा तापमापक ठेवावा. वापरात असलेले इन्सुलिन सामान्य तापमानात काही आठवडे चालते, परंतु त्यासाठीची मर्यादा बहुधा २५ ते ३० अंशांची असते. मे महिन्यातील दुपार त्यात बसत नाही.

अन्न

शिजवलेले अन्न ५ ते ६० अंशांच्या दरम्यान राहिल्यास त्यात जीवाणू झपाट्याने वाढतात. सामान्यतः दोन तास ही मर्यादा मानली जाते. हवा ३२ अंशांच्या वर असल्यास एकच तास. बाटल्यांभोवती साचलेले बर्फाचे थंड पाणी काढून टाकण्याची घाई नको, कारण तेही थंडावा देते. कच्ची मासळी मात्र पाण्यात बुडू देऊ नये, तिच्या पेटीची तोटी उघडी ठेवावी. मासळीची पेटी पुढे जेवणासाठी वापरायची असल्यास ती सोड्याने धुऊन, झाकण उघडे ठेवून उन्हात पूर्ण वाळवावी लागते. रबरी पट्टीच्या खाचेत राहिलेला वास पुढच्या सहलीतील दह्याला लागतो.