सात तोंडांचा ड्रॅगन कोणी वाचवला?

मध्ययुगीन युरोपातल्या भित्तिपटांचा विषय निघाला की सगळे श्रेय राजे-सरदारांच्या पदरात पडते. पट त्यांनी विणून घेतले हे खरेच. पण ते आज पाहायला मिळतात यात त्यांचा वाटा थोडा आहे. फ्रान्समधल्या आंजे शहरातला ‘अपोकॅलिप्स’चा पट घ्या. आंजूचा ड्यूक पहिला लुई याने तो १३७० च्या दशकात करवून घेतला. ब्रूजचा चित्रकार हेनेकें याने आराखडे काढले, पॅरिसचा व्यापारी निकोला बाताय याने विणकामाची व्यवस्था लावली आणि बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला जगाचा अंत सुमारे १४० मीटर लोकरीवर उलगडला. एका प्रसंगात सात तोंडांचा ड्रॅगन समुद्रातून वर आलेल्या, बिबट्याच्या अंगाच्या श्वापदाला राजदंड देतो. दंडाच्या टोकाला फ्रेंच राजघराण्याचे लिलीचे फूल आहे. इंग्रजांशी शंभर वर्षांचे युद्ध चालू असताना या फुलाचा अर्थ दरबाऱ्यांना समजावून सांगावा लागला नसेल. गाठी आत दडवून पटाची मागची बाजूही पुढच्याइतकीच साफ विणली आहे आणि मागचे रंग आज पुढच्यापेक्षा ताजे आहेत.

लुईचा नातू रने याने हा पट १४८० मध्ये आंजेच्या कॅथेड्रलला दिला. पुढे अभिरुची बदलली. १७८२ मध्ये खुद्द कॅथेड्रलच्या धर्मगुरूंनी तो विकायला काढला, तर कोणी घेईना! राज्यक्रांतीच्या काळात त्याचे तुकडे झाले. काही तबेल्यात लागले, काही थंडीत संत्र्याच्या झाडांवर पांघरले गेले. १८४३ मध्ये उरलेला पट बिशपने अवघ्या ३०० फ्रँकला परत घेतला. पुढे जुबेर नावाच्या धर्मगुरूने तुकडे जमवले, ते दुरुस्त करून घेतले, पुन्हा क्रमाने लावले. ९० प्रसंगांपैकी ७१ वाचले. लुईच्या नावाशेजारी जुबेरचे नाव तितक्याच ठळकपणे घेतले जायला हवे.

यावर कोणी म्हणेल, ड्यूकचा पैसा नसता तर वाचवायला काही उरलेच नसते. बरोबर आहे. पण तोच पैसा पटाच्या मुळावरही येत असे. सोन्या-चांदीची जर असलेले राजसंग्रहातले कितीतरी पट १७९७ मध्ये फ्रेंच सरकारने धातू काढण्यासाठी जाळून टाकले. दुसरा आक्षेप दुरुस्तीवरचा: एकोणिसाव्या शतकातल्या डागडुजीने मूळ काम बिघडले, असे जाणकार सांगतात. पॅरिसच्या क्लूनी संग्रहालयातल्या ‘स्त्री आणि युनिकॉर्न’ या सहा पटांच्या खालच्या भागात नवे विणकाम विटून वेगळे दिसते, हे नाकारता येत नाही. पण हे पट बुसाकच्या गढीत ओल आणि उंदरांच्या तोंडी पडले होते. १८४१ मध्ये सरकारी स्मारकांचे निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे यांनी त्यांच्याकडे लक्ष वेधले, लेखिका जॉर्ज सँड यांनी त्यांच्यावर लिहिले, तरी ते संग्रहालयात पोहोचायला १८८२ उजाडले. इतक्या उशिरा विटका का होईना धागा घालणे भागच होते.

न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयातले युनिकॉर्नच्या शिकारीचे सात पट मात्र माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातात असे वाटेल. ते ला रोशफुको या सरदार घराण्याकडे होते आणि जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांनी १९२० च्या दशकात दहा लाख डॉलरहून जास्त मोजून त्यांपैकी सहा घेतले, १९३७ मध्ये संग्रहालयाला दिले. म्हणजे इथे जहागीरदार आणि धनिकच कामी आले. तरी मधला काळ विसरून चालत नाही. क्रांतीत त्या घराण्याची व्हेर्तोयची गढी लुटली गेली आणि पट शेतकऱ्यांच्या कोठारात भाजीपाला झाकायला वापरले गेले. १८५० च्या दशकात घराण्याच्या पुढच्या पिढीने ते शोधून परत आणले. पूर्वजांच्या वैभवाने यातले काहीच आपोआप झाले नव्हते. कोठारातली मळकी लोकर मोलाची आहे हे त्या पिढीला नव्याने ठरवावे लागले, तेव्हा कुठे रॉकफेलरना विकत घ्यायला पट शिल्लक होते.