गुरुवार सोडून या

पहाटे पावणेपाच
आमच्या छावणी भागात पहाट अजून शिल्लक आहे, पण जेमतेम तासाभराची. दारातल्या कडुनिंबावर दयाळ शीळ घालतो, अजान होते, आणि मग नगर नाक्याकडून पहिला ट्रक गिअर बदलत येतो. ट्रक जवळ आला तरी दयाळ गप्प बसत नाही, जरा वरच्या पट्टीत जातो. हा माझा भासही असेल. पण नेदरलँड्समधल्या लायडन शहरात 2003 साली संशोधकांनी हेच नोंदवलं होतं. गोंगाटाच्या भागातले ग्रेट टिट पक्षी गाण्यातले खालचे सूर टाळतात, कारण ते वाहनांच्या घरघरीत बुडून जातात.

मी कान तपासतो. ऑडिओमेट्री करणारा तंत्रज्ञ. घर रस्त्यालगत, दवाखानाही रस्त्यालगत. त्यामुळे या विषयात मी तटस्थ वगैरे नाही.

सव्वासहा
वाळूजच्या कंपन्यांच्या बसेस सुरू झाल्या. घरासमोर गतिरोधक आहे. त्याने वेग कमी होतो हे खरं, पण आवाजाचं उलटंच होतं. आधी ब्रेकची कचकच, मग चाकांचा दणका, रिकामा ट्रक असेल तर मागचा फाळका धाडकन आपटतो, आणि पुन्हा पिकअप घेताना इंजिन बोंबलतं. आई चहा पिता पिता काहीतरी सांगत असते. ट्रक आला की मध्येच थांबते, तो गेला की त्याच शब्दापासून पुढे सुरू करते. आमच्या घरात स्वल्पविराम ट्रक देतो. पाहुणे आले की त्यांच्या हे लक्षात येतं, आमच्या येत नाही.

साडेनऊ
दवाखान्यात पहिलं काम म्हणजे मशीन सुरू करून स्वतःचे कान तपासायचे. हेडफोन नीट चालतोय ना, हे कळायला माहितीतला कान लागतो, आणि फुकटात मिळणारा कान माझाच. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. माझा आलेख 4000 हर्ट्झपाशी हल्ली किंचित खाली झुकतो. पाच डेसिबलचा फरक चाचणीच्या चुकीतही बसतो, असं मी रोज स्वतःला सांगतो. आलेखाच्या याच ठिकाणी पडलेली खाच म्हणजे गोंगाटाने कान झिजल्याची जुनी खूण. आतल्या कानातल्या केसपेशी तिथे आधी मरतात. कातडीसारख्या त्या परत येत नाहीत.

साडेदहा ते एक
आज गुरुवार, म्हणजे छावणीचा बाजार. जनावरं भरलेले टेम्पो, ॲपे, ट्रॅक्टर, लोखंडी पुलाकडून येणारी गर्दी, सगळं याच रस्त्यावर. आमच्याकडे ‘साउंडप्रूफ’ म्हणतात ती एक केबिन आहे. आत दाराला जाड फोम, भिंतींना छिद्रांच्या पट्ट्या. शिट्टीसारखा बारीक आवाज ती अडवते. ट्रकची घरघर मात्र खालच्या सुरांची असते, ती भिंतीतून आणि फरशीतून आत येते. मी 250 किंवा 500 हर्ट्झचा हलका सूर सोडतो, पेशंट बटण दाबणार तेवढ्यात बाहेरून डंपर जातो आणि सूर त्यात विरघळतो. मग थांबायचं, रस्ता मोकळा झाला की परत सोडायचा. इतर दिवशी वीस मिनिटांत होणारी तपासणी गुरुवारी पाऊण तास चालते.

पहिले आले ते एक रिक्षावाले चाचा. तीस वर्षं याच रस्त्यावर. दोन्ही कानांत 4000ला खोल खाच. मी आलेख दाखवला, तर म्हणाले, “आवाज से कुछ नहीं होता साब, आदत पड गई.” त्यानंतर एक ट्रकचालक. त्यांच्या उजव्या कानाची, म्हणजे खिडकीकडच्या कानाची, रेघ डाव्यापेक्षा खाली. गाडीला प्रेशर हॉर्न आहे का, विचारलं तर हसले. “घाटात लागतो ना साहेब.” प्रेशर हॉर्नला कायद्यात मनाई आहे, उगाच हॉर्न वाजवला तर 2019च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा 1000 आणि पुढच्या वेळी 2000 रुपये दंड आहे, हे मी सांगितलं. त्यांना ते माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. गाडीच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ होतंच. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने 2015 साली त्यावर बंदी घातली, आणि पेंटरांनी ती मनावर घेतली नाही.

दोघांचं पालुपद एकच होतं, सवय झालीय. हा शब्द मी दिवसातून दहा वेळा ऐकतो आणि दहाही वेळा मला राग येतो. सवय मनाला होते. मन आवाजाची दखल घेणं सोडून देतं, म्हणून आपल्याला वाटतं आवाजच गेला. कानाला पापणी नाही, तो चालूच राहतो.

दीड
डबा खाऊन बाजारात एक चक्कर. दुकानदार गिऱ्हाइकाशी ओरडून बोलतो, गिऱ्हाईक ओरडून घासाघीस करतं, लांबून भांडण वाटावं. ध्वनी प्रदूषणाच्या 2000च्या नियमांत व्यापारी भागासाठी दिवसा 65 डेसिबलची मर्यादा आहे, निवासी भागासाठी 55, शांतता क्षेत्रासाठी 50. आकडे जवळजवळ वाटतात, पण डेसिबलचा हिशेब सरळ नसतो. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. म्हणून ‘थोडंसंच तर वाढलं’ हे वाक्य इथे चालत नाही.

चार
एक आई मुलाला घेऊन आली. दुसरीतला. बाई म्हणतात, वर्गात लक्ष नाही, ऐकू येत नसेल. तपासलं. कान लख्ख. शाळेच्या खिडक्या कुठे उघडतात, विचारलं. “रस्त्याकडं.” मग मी न्यूयॉर्कमधल्या एका शाळेची गोष्ट सांगितली. तिच्या एका बाजूने उंचावरून रेल्वे जायची. 1975 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की त्या बाजूच्या वर्गांतली सहावीची मुलं, शांत बाजूच्या मुलांच्या मानाने वाचनात जवळपास वर्षभर मागे होती. शाळा तीच, शिकवणंही तेच. आपल्या नियमांत शाळा, रुग्णालय आणि न्यायालयाभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र धरता येतं. आई म्हणाली, “मग मी बाईंना काय सांगू?” बाकं रस्त्याच्या खिडकीपासून हलवायला सांगा, म्हटलं. माझ्या हातात याहून मोठा उपाय नव्हता.

साडेसहा
नगर नाक्यापाशी सिग्नल लाल. साठ सेकंद बाकी, आणि मागून हॉर्न. 2020च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी एक गंमत केली होती. सिग्नलवर डेसिबल मीटर लावला, हॉर्नचा आवाज 85च्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद परत पहिल्यापासून. तो प्रयोग इथे आला तर पहिल्या दिवशी आम्ही रात्री जेवायला घरी पोचणार नाही. तरी यावा.

रात्री दहा
नियमाप्रमाणे आता रात्र सुरू झाली, सकाळी सहापर्यंत. निवासी भागाची मर्यादा 45. पावणेअकराला सायलेन्सरची पुंगळी काढलेली बुलेट फटफट करत गेली. आई उठली नाही, नुसती कूस बदलली. झोपेच्या प्रयोगांत दिसलं आहे की माणूस जागा झाला नाही तरी गाडी गेली की नाडी वाढते. वर्षानुवर्षं तिथे झोपणाऱ्याचीसुद्धा. रात्रभर असे छोटे धक्के, ताणाची संप्रेरकं, आणि पुढे रक्तदाब, हृदयविकार. पश्चिम युरोपात वाहतुकीच्या आवाजापायी दर वर्षी निरोगी आयुष्याची किमान दहा लाख वर्षं वाया जातात, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली मांडलं. आईला बीपीची गोळी सुरू होऊन पाच वर्षं झाली. कारण वय असेल, मीठ असेल, रस्ता असेल. एकट्या रस्त्यावर खापर फोडणार नाही. पण त्याला वगळणारही नाही.

रस्त्यावर टपरी, रिक्षा किंवा दुकान असेल, किंवा बिछाना रस्त्याकडच्या भिंतीला असेल, तर वर्षातून एकदा कानाचा आलेख काढून घ्या आणि त्याच फेरीत बीपीही मोजा. वीस मिनिटं लागतात. फक्त गुरुवार सोडून या.