ग्रीक अक्षरांची वर्गणी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतील विद्यापीठांत ग्रीक मुळाक्षरांची नावे धारण करणाऱ्या विद्यार्थिसंघटनांना, म्हणजे मुलांच्या फ्रॅटर्निटी आणि मुलींच्या सोरोरिटी यांना, सुमारे दोनशे वर्षांची परंपरा आहे. न्यूयॉर्क राज्यातील युनियन कॉलेजात १८२५ मध्ये स्थापन झालेली ‘कप्पा अल्फा सोसायटी’ ही आजच्या सामाजिक फ्रॅटर्निटींची पूर्वज मानली जाते. चित्रपट आणि समाजमाध्यमे यांतून या संघटनांची प्रशस्त घरे, पोशाख आणि मेजवान्या जगभर पोहोचल्या, परंतु त्यामागचा हिशेब पोहोचला नाही. न्यू जर्सीत वाढलेल्या किंवा पुण्याहून थेट पदवीच्या पहिल्या वर्षाला गेलेल्या मराठी मुलामुलींच्या पालकांपुढे हा हिशेब बहुधा उशिरा, म्हणजे सभासदत्वाचा होकार कळवून झाल्यावर येतो.

सर्वांत रूढ गैरसमज असा, की सभासदत्वाची एक ठरलेली फी असते आणि ती भरली की विषय संपतो. वस्तुतः ही रक्कम अनेक तुकड्यांची बनलेली असते. नव्या सभासदाकडून एकदाच घेतले जाणारे नोंदणीशुल्क, दीक्षाविधीचे शुल्क आणि संघटनेच्या बिल्ल्याची किंमत हा पहिला भाग. दर सत्राला द्यावी लागणारी चॅप्टरची, म्हणजे त्या विद्यापीठातील शाखेची वर्गणी हा दुसरा. आणि राष्ट्रीय कार्यालयाचा दरडोई आकार, विम्याचा हप्ता व विद्यापीठातील सर्व शाखांच्या समन्वयमंडळाचे शुल्क हा तिसरा. पहिला भाग पुन्हा येत नसल्याने पहिले वर्ष साधारणपणे पुढच्या वर्षांपेक्षा महाग पडते, मात्र सभासद पुढे संघटनेच्या घरात राहायला गेला तर हे गणित उलटते. याखेरीज अंगरखे, समारंभांचे कपडे, नव्या सभासदाला ‘धाकटी बहीण’ किंवा ‘धाकटा भाऊ’ मानून द्यावयाच्या भेटी, सहलींची वर्गणी आणि सभेला गैरहजर राहिल्याबद्दलचा दंड असे खर्च असतात, ज्यांतले बरेचसे कोणत्याही अधिकृत पत्रकात छापलेले नसतात. तुटपुंज्या पैशांत शिकणाऱ्या विद्यार्थ्याची कुचंबणा मुख्यतः याच न छापलेल्या खर्चांनी होते, कारण वर्गणीचे हप्ते पाडून मागता येतात, पण सगळ्यांनी घेतलेला अंगरखा आपण घेणार नाही हे सांगणे अठराव्या वर्षी फार अवघड असते.

घराच्या बाबतीत दोन परस्परविरुद्ध समज आढळतात : काहींना वाटते की वर्गणीत राहणे-जेवणे आलेच, तर काहींना वाटते की घरात राहणे ही श्रीमंतांची चैन आहे. घर हे पुष्कळदा शाखेच्या मालकीचेही नसते. माजी सभासदांनी चालवलेली ‘हाउस कॉर्पोरेशन’ नावाची कायद्याने स्वतंत्र संस्था ते बांधते, त्याचे कर्ज फेडते आणि विद्यार्थ्यांकडून भाडे घेते. घरात राहणाऱ्याच्या बिलातला सर्वांत मोठा वाटा हे भाडे आणि जेवण यांचा असतो, आणि हा खर्च त्याला वसतिगृहात किंवा गावातील खोलीत राहूनही करावाच लागला असता. काही विद्यापीठांत तर संघटनेचे घर विद्यापीठाच्या वसतिगृहापेक्षा स्वस्त पडते. त्यामुळे एकूण आकडा पाहून घाबरण्यापेक्षा, अन्यथा जो खर्च झालाच असता तो वजा करून उरलेली रक्कम पाहणे शहाणपणाचे ठरते. जी मुले घरात राहत नाहीत त्यांनाही घराच्या देखभालीसाठी वेगळा आकार द्यावा लागतो, आणि अनेक सोरोरिटींमध्ये घरातील सर्व जागा भराव्यात म्हणून दुसऱ्या वर्षी तेथे राहणे सक्तीचे असते. हे कलम आधी न वाचल्यास गावातील खोलीचा करार आणि घराचा करार अशा दोन्हींचे भाडे एकाच वेळी अंगावर पडू शकते.

वर्गणीचे पैसे दारूत जातात, हाही असाच सरसकट समज. शाखेच्या निधीतून मद्य विकत घेण्यास बहुसंख्य राष्ट्रीय संघटनांचे नियम मनाई करतात, आणि ‘नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स’ या १९०२ मध्ये स्थापन झालेल्या महासंघातील २६ सोरोरिटींच्या घरांत मद्य चालतच नाही. हे नियम सर्वत्र पाळले जातात असे मात्र म्हणता येणार नाही, आणि ते मोडल्याची किंमत विम्याच्या हप्त्यातून सगळेच सभासद मोजतात : १९८०च्या दशकात अपघात, मृत्यू आणि ‘हेझिंग’, म्हणजे नव्या सभासदांचा छळ, यांवरून झालेल्या दाव्यांमुळे फ्रॅटर्निटींना विमा मिळणेच कठीण झाले होते. ‘फाय डेल्टा थीटा’ या संघटनेने २००० पासून आपली घरे मद्यमुक्त केली, तेव्हा दावे घटले आणि त्याबरोबर विम्याचा भारही हलका झाला. मद्यमुक्तीचा विचार नीतीच्या अंगाने पुष्कळ झाला आहे; तो वर्गणीच्या अंगानेही व्हायला हवा.

सर्व संघटनांचा खर्च सारखाच असतो, हे तर अजिबात खरे नाही. अलाबामा विद्यापीठासारख्या दक्षिणेकडील मोठ्या विद्यापीठात, जिथे दर ऑगस्टमध्ये दोन हजारांहून अधिक मुली सोरोरिटींच्या निवडप्रक्रियेत उतरतात, एका सत्राचा खर्च काही हजार डॉलरांवर जातो, तर घर नसलेल्या छोट्या शाखेची वर्गणी काही शे डॉलरांत भागते. कृष्णवर्णीयांच्या नऊ ऐतिहासिक संघटनांचा, ज्यांतली ‘अल्फा फाय अल्फा’ १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात सुरू झाली, खर्चाचा घाट निराळाच आहे : बहुतेक ठिकाणी घर नाही, परंतु प्रवेशाच्या वेळीच मोठी रक्कम एकदम द्यावी लागते. १९९०च्या दशकापासून निघालेल्या दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांच्या संघटना, ज्यांत मराठी मुलेही आढळतात, बव्हंशी लहान आणि बिनघराच्या आहेत.

भारतातून पदव्युत्तर शिक्षणासाठी गेलेल्या विद्यार्थ्यांचा गोंधळ वेगळ्या कारणाने होतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ‘टाउ बीटा पाय’कडून निमंत्रण येते आणि ग्रीक अक्षरे पाहून त्याला ती फ्रॅटर्निटी वाटते, परंतु १८८५ मध्ये लीहाय विद्यापीठात स्थापन झालेली ही ‘ऑनर सोसायटी’, म्हणजे गुणवत्तेवरून सभासद निवडणारी संस्था आहे, जिला घर नाही, सत्रागणिक वर्गणीचा जाच नाही, प्रवेशाच्या वेळी एकदा शुल्क भरावे लागते इतकेच. अशी सगळीच निमंत्रणे भरवशाची नसतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी त्या संस्थेची शाखा आपल्या विभागात खरोखर आहे का, हे प्राध्यापकांना विचारलेले बरे.

भारतीय कुटुंबे शैक्षणिक कर्जाची रक्कम ठरवताना विद्यापीठाने ‘आय-२०’ या प्रमाणपत्रात दिलेल्या अंदाजावर विसंबतात. त्या अंदाजात शिक्षणशुल्क, राहणे, जेवण, विमा धरलेले असतात, संघटनेची वर्गणी धरलेली नसते. काही संघटनांचे धर्मादाय निधी गरजू सभासदांना शिष्यवृत्त्या देतात, पण त्या सभासद झाल्यानंतर अर्ज करून मिळवायच्या असतात, त्यामुळे पहिल्या वर्षाचा बोजा त्यांनी हलका होत नाही.

सभासदत्व आजन्म असते म्हणून वर्गणीही आजन्म, ही भीती निराधार आहे. पदवीनंतर माजी सभासदाने द्यावयाची रक्कम सहसा ऐच्छिक असते. याउलट, नको वाटल्यास केव्हाही माघार घेता येईल हा दिलासा मात्र खोटा ठरतो, कारण पॅनहेलेनिक निवडप्रक्रियेच्या अखेरीस मुलगी आपल्या पसंतीच्या सोरोरिटींची नावे लिहून ज्या करारावर सही करते, तो बंधनकारक असतो. त्यांपैकी एकीचे निमंत्रण आले आणि ते तिने नाकारले, तर त्याच विद्यापीठात महासंघातील दुसऱ्या कोणत्याही सोरोरिटीचे दार तिला पुढच्या वर्षीच्या निवडप्रक्रियेपर्यंत बंद राहते. वर्गणीचे पत्रक, घरात राहण्याचे कलम आणि हप्त्यांची सोय यांविषयीचे प्रश्न विचारण्याची वेळ या सहीच्या आधीची आहे, आणि निवडफेऱ्यांत शाखांनी आर्थिक माहिती देणे अपेक्षितच असल्याने ते विचारण्यात संकोचाचे काही कारण नाही.