‘औषधा’चे नाव कोणाला कळवायचे?

मराठी शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. रायपूरच्या परिसरात धानाच्या बांधावर उभा असलेला छत्तीसगडी शेतकरी त्यालाच ‘दवई’ म्हणतो. विषाला औषध म्हणण्याची ही सवय इतकी मुरलेली आहे, की कृषी विस्ताराच्या पत्रकांतूनही ती सहज उतरते. शब्द सोयीचा खरा, पण त्यामुळे एक गोष्ट नजरेआड होते. औषधाने झालेल्या अपघाताची रासायनिक दुर्घटना म्हणून नोंद करावी, ती कोणाला तरी कळवावी, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात नेमके हेच घडले. त्या वर्षी कपाशी अनेक ठिकाणी डोक्याच्यावर वाढली होती. गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव तीव्र होता, हवा दमट होती आणि दोन-तीन कीटकनाशके एकाच टाकीत मिसळून बॅटरीवरच्या पंपाने फवारणी चालू होती. उंच पिकात शिरून फवारताना बारीक तुषार चेहऱ्यावर आणि अंगावर उलटत होते. वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आठशेहून अधिक जणांना उपचार घ्यावे लागले, कित्येकांची दृष्टी काही काळ गेली. रुग्ण ऑगस्टपासूनच दवाखान्यांत येत होते. शासनाचे आणि वृत्तपत्रांचे लक्ष खऱ्या अर्थाने तिकडे गेले ते सप्टेंबरच्या अखेरीस व ऑक्टोबरमध्ये. त्यानंतर विशेष तपास पथक नेमले गेले आणि काही कीटकनाशकांची विक्री ६० दिवसांसाठी थांबवण्यात आली. मधल्या आठवड्यांत प्रत्येक दवाखान्याजवळ आपापले रुग्ण होते, मात्र त्यांची एकत्र बेरीज वेळेत झाली नाही.

ही बेरीज करण्याची तरतूद कायद्यात आहे. कीटकनाशक अधिनियम, १९६८ च्या कलम २६ नुसार, कीटकनाशक वापरताना किंवा हाताळताना झालेली विषबाधा ठरावीक अधिकाऱ्याला कळवण्याचे बंधन राज्य शासन अधिसूचनेद्वारे कोणत्याही व्यक्तीवर वा वर्गावर घालू शकते. अडचण ‘शकते’ या क्रियापदात आहे. कलम आपोआप लागू होत नाही. आधी शासनाने अधिसूचना काढावी लागते आणि त्यात डॉक्टर, विक्रेता किंवा अन्य कोण जबाबदार ते स्पष्ट नमूद करावे लागते. विक्री थांबवण्याचा अधिकार पुढच्याच कलमात, २७ मध्ये आहे. यवतमाळमध्ये तो वापरला गेला, पण तोवर हंगामातील बरीच फवारणी उरकली होती. कलम २६ ही पाहण्याची आणि कलम २७ ही कृती करण्याची व्यवस्था आहे. पहिली निष्क्रिय असेल तर दुसरी उशिराच हलणार.

या कायद्याचा उगमच मुळात एका विषबाधेत आहे. १९५८ मध्ये केरळ आणि तत्कालीन मद्रास राज्यात पॅराथिऑन मिसळलेल्या अन्नाने शंभरहून अधिक माणसे मेली. कीटकनाशक आणि अन्नधान्य यांची वाहतूक एकत्र झाल्याचा तो परिणाम होता. त्यानंतरच्या चौकशीतून आणि समित्यांच्या शिफारशींतून दहा वर्षांनी अधिनियम आला.

कारखान्यांसाठीचे नियम मात्र फार वेगळ्या घडणीचे आहेत, आणि त्यामागेही कीटकनाशकच आहे. भोपाळचा कारखाना कार्बारिल हे कीटकनाशक बनवत होता. ३ डिसेंबर १९८४ च्या पहाटे तिथल्या टाकीतून मिथिल आयसोसायनेट वस्तीत शिरला. रायपूर तेव्हा मध्य प्रदेशात होते, म्हणजे ही दुर्घटना रायपूरकरांच्या राजधानीतच घडली होती. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ आणि त्याखालील घातक रसायनांची निर्मिती, साठवण व आयात नियम, १९८९ हे त्यानंतरचे. या नियमांत अनेक घातक रसायनांसाठी साठ्याची मर्यादा ठरवलेली आहे. मिथिल आयसोसायनेटसाठी ती १५० किलो आहे. भोपाळच्या टाकीत सुमारे ४० टन होते. मर्यादेपलीकडे साठा असणाऱ्याने तो शासकीय यंत्रणेला कळवावा, मोठा अपघात झाल्यास ४८ तासांत सूचना द्यावी, कारखान्याच्या आवारासाठी आपत्कालीन आराखडा करावा, आणि विशेष म्हणजे बाहेर राहणाऱ्या ज्या लोकांना धोका पोहोचू शकतो त्यांना धोक्याचे स्वरूप आणि काय करावे, काय करू नये हे आधीच सांगावे. १९९६ च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संकट गट आणले.

रायपूरच्या तात्यापाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबे राहत आली आहेत. अशा जुन्या, दाट वस्तीतल्या रहिवाशाला या नियमांचा अर्थ काय? शहराच्या कडेला उरला आणि सिलतरा ही औद्योगिक क्षेत्रे आहेत. पलीकडच्या भिलाईत जून २०१४ मध्ये पोलाद कारखान्यातील वायुगळतीने सहा जणांचा बळी घेतला. त्या रहिवाशाला जिल्ह्याच्या आराखड्याविषयी विचारण्याचा हक्क आहे आणि तो त्याने वापरावा. पण एक मर्यादाही त्याला ठाऊक असावी. अमोनियाची मर्यादा ६० टन आहे. शीतगृहातला अमोनिया सहसा त्याच्या कितीतरी खाली राहतो आणि बाजारातल्या कृषी केंद्राचे कपाट तर हिशेबातच येत नाही. नियम टनांत मोजतात; विषबाधा मिलिलिटरमध्ये होते.

ही फट केवळ भारतीय नाही. भोपाळनंतर अमेरिकेने १९८६ मध्ये आपत्कालीन नियोजन आणि समुदायाचा माहितीचा हक्क यांविषयी कायदा केला. कोणत्या कारखान्यात कोणते रसायन किती आहे, ते त्यामुळे शेजाऱ्याला आणि अग्निशमन दलाला कळू लागले. त्या कायद्यातही नेहमीच्या शेतीकामात वापरलेली रसायने आणि किरकोळ विक्रेत्याकडचे खत यांना साठ्याच्या नोंदीतून सूट आहे. शेती म्हणजे निरुपद्रवी, हा समज दोन्ही देशांच्या कायदेकर्त्यांनी सारखाच जपलेला दिसतो.

नाव कळवण्याला कीटकशास्त्रज्ञ इतके महत्त्व का देतात, याचे उत्तर विषाच्या कार्यपद्धतीत आहे. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशके मज्जातंतूंतील ॲसिटिलकोलिनेस्टरेझ हे विकर निकामी करतात. हे विकर बोंडअळीत असते तसे माणसातही असते. लाळ गळणे, बाहुल्या आकसणे, श्वास लागणे ही लक्षणे त्यातूनच येतात. ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम इथे उपयोगी पडतात. कार्बामेट गटात ॲट्रोपिन चालते, प्रॅलिडॉक्सिमची सहसा गरज नसते. सायपरमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइडला विशिष्ट उतारा नाही. डायफेन्थियुरॉन वेगळ्याच मार्गाने, पेशीतील ऊर्जानिर्मिती रोखून काम करते. त्यालाही विशिष्ट उतारा नाही. टाकीत तिघांचे मिश्रण असेल आणि डॉक्टरला ‘फवारणीचे औषध’ एवढेच सांगितले, तर तो अंधारात उपचार करतो. बिहारच्या सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेतल्या मध्यान्ह भोजनाने २३ मुले दगावली. ते विष मोनोक्रोटोफॉस होते, हे प्रयोगशाळेने सांगितले तेव्हा काही दिवस उलटले होते.

एका गावातली नोंद फार दूरवर जाऊ शकते. रॉटरडॅम करारात विकसनशील देशांसाठी स्वतंत्र तरतूद आहे: प्रत्यक्ष वापरात विषबाधा घडवणारे कीटकनाशक, घटनांच्या नोंदींच्या आधारे, आंतरराष्ट्रीय यादीसाठी सुचवता येते. त्या नोंदींत पीक, मात्रा, उपकरण, लक्षणे आणि उपचार हा तपशील लागतो. भारत या कराराचा सदस्य आहे. यवतमाळच्या घटनांत नाव आलेल्या डायफेन्थियुरॉनची आणि प्रोफेनोफॉसची निर्यात स्वित्झर्लंडने २०२१ पासून बंद केली.

छत्तीसगडचे पीक धान. इथे तपकिरी तुडतुड्यांना ‘माहू’ म्हणतात, तर मराठीतला ‘मावा’ ही निराळीच कीड. एका शब्दाच्या गोंधळाने चुकीचा डबा घरी येऊ शकतो. डब्यावरच्या तिरप्या चौकोनाला मात्र भाषा लागत नाही: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असा अर्थ कुठेही दिलेला नाही. आतल्या माहितीपत्रकात विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार आणि उतारा छापणे नियमाने बंधनकारक आहे. बहुतेकदा ते पत्रक डबा उघडताच बांधावर फेकले जाते.

अधिसूचनेची वाट न पाहता कृषी विज्ञान केंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे एक साधी वही आजच सुरू करू शकतात. तारीख, गाव, पीक, उत्पादनाचे नाव, त्यातील सक्रिय घटक, बॅच क्रमांक, कशात मिसळले, कोणता पंप, किती तास फवारणी आणि पहिले लक्षण केव्हा दिसले, एवढे रकाने पुरेत. आठवड्यात एकाच उत्पादनाची तीन नावे आली, तर त्याच दिवशी जिल्हा कृषी अधिकाऱ्यांना आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी कळवावे. शेतमजुराने आपल्या पातळीवर दुकानाचे बिल जपावे. त्रास झालाच तर कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन, रिकामी बाटली आणि माहितीपत्रक प्लास्टिकच्या पिशवीत घालून रुग्णाबरोबर दवाखान्यात न्यावे. मिश्रण केले असेल तर सगळ्या बाटल्या न्याव्यात. डॉक्टरांना शंका असल्यास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक आहे. फोन लागताच पलीकडून पहिला प्रश्न येतो तो बाटलीवरच्या नावाचाच.