मार्चमधला ट्राउट: थंड नदी, सुस्त मासा आणि आपल्या पायाखालची अंडी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या एपिसोडचं हे लेखी रूप. आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज मासेमारी.

पहिल्या दिवशी काय चुकलं?

गेल्या मार्चमध्ये मी हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यात, तीर्थन नदीवर गेलो होतो. तिथे ट्राउटच्या नद्यांवर नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते आणि १ मार्चला हंगाम उघडतो. मत्स्य विभागाचं लायसन्स काढलं, रॉड भाड्याने घेतला आणि सकाळी साडेसहाला नदीवर हजर. लहानपणी गावच्या ओढ्यावर गळ टाकायचा तर पहाटेच, एवढंच माहीत होतं ना! चार तास झाले. बोटं बधिर, मासा शून्य. साडेदहाला आमचे गाइड चहाबिहा घेऊन निवांत आले आणि म्हणाले, "साहब, मछली अभी सो रही है."

म्हटलं, चेष्टा करताहेत. पण नाही, मुद्दा बरोबर होता.

थर्मामीटर काय सांगतो

मासा थंड रक्ताचा. पाणी जेवढं गार, तेवढं त्याचं शरीर मंद. ब्राउन ट्राउटला १२ ते १४ अंश सेल्सिअस पाणी मानवतं. पाणी ४-५ अंशांवर आलं की भूक जवळपास मरते. उलट २० अंशांच्या आसपास गेलं तरी तो खाणं सोडतो. सह्याद्रीतल्या नद्यांत ट्राउट का नाही, याचं उत्तर इथेच मिळतं. आपल्या उन्हाळ्यात तो टिकणारच नाही.

त्या दिवशी सकाळी नदीचं पाणी ५ अंश होतं. दुपारी एकला ८. फक्त ३ अंशांचा फरक, पण माशासाठी तो मोबाइल लो-पॉवर मोडमधून बाहेर येण्यासारखा. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला साधारण ११ ते ३ ही वेळ धरा. ऊन नदीवर पडू द्या. मात्र मार्च सरत आला की उन्हाने वरचा बर्फ वितळतो आणि दुपारनंतर गार, गढूळ पाणी खाली येतं. पाण्याचा रंग बदलला, की त्या दिवसापुरतं दुकान बंद.

मासा बसतो कुठे?

उन्हाळ्यात तो खळाळत्या धारेत दिसतो. मार्चमध्ये मात्र ताकद वाचवायची असते, म्हणून तो डोहात, तळाशी, मोठ्या धोंड्यांच्या आडोशाला बसतो. तळाशी प्रवाह मंद असतो. समोर आलेला घास तो घेतो, पण त्यामागे धावत नाही.

म्हणून तीन गोष्टी करा:

- गळ खोल न्या. पाण्यातल्या किड्यांच्या अळीसारखा दिसणारा वजनदार निम्फ तळाला घासत गेला पाहिजे.
- स्पिनर वापरत असाल, तर रील तुम्हाला वाटतं त्याच्या निम्म्या वेगाने फिरवा.
- एकाच डोहात पुन्हा पुन्हा टाका. दहावेळा नाकासमोरून गेल्यावर अकराव्यांदा तोंड उघडतो. ओढही हलकी असते. दोरी नुसती थबकली, तरी रॉड उचला.

आता खरा मुद्दा

कोकणातल्या लोकांना वलगण माहीत आहे. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढतात. ब्राउन ट्राउटही असाच वर चढतो, पण हिवाळ्याच्या तोंडावर. मादी शेपटीने रेवेत खड्डा करते, अंडी घालते आणि वर पुन्हा रेव लोटते. ही अंडी १० अंशांच्या पाण्यात दीडेक महिन्यात फुटतात. ५ अंशांत मात्र जवळजवळ तीन महिने लागतात. शिवाय फुटल्यावरही पिल्लं काही आठवडे रेवेतच राहतात, पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगतात.

आता हिशोब करा. नोव्हेंबर-डिसेंबरमधली अंडी आणि मार्चचा पहिला आठवडा. म्हणजे हंगाम कागदावर उघडलेला असतो, पण नदीतलं बाळंतपण अजून उरकलेलं नसतं.

पहिल्या दिवशी मी त्याच उथळ, स्वच्छ रेवेतून चार तास बूट घालून फिरत होतो. गाइडने हात धरून बाहेर काढलं आणि एक जागा दाखवली: आजूबाजूला शेवाळलेले काळपट दगड आणि मध्ये घासून काढल्यासारखा फिकट पट्टा. तोच तो खड्डा. माझ्या बुटाचा ठसा त्याच्यापासून दोन हातांवर होता. खरं सांगतो, मासा न मिळाल्यापेक्षा ते जास्त लागलं. नियम मी एकही मोडला नव्हता, तरी.

म्हणून मार्चमध्ये शक्यतो काठावरूनच टाका. पाण्यात उतरावंच लागलं, तर मोठ्या दगडांवरून जा, रेवेवरून नाही. गळाचा काटा दाबून टाका, म्हणजे मासा सोडणं सोपं जातं. सोडण्याआधी हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

हा मासा इथला आहे का?

नाही. ब्राउन ट्राउट मूळचा युरोपचा. ब्रिटिश काळात, साधारण १९०० मध्ये तो काश्मीरमध्ये रुजवला गेला आणि १९०९ मध्ये कुल्लूकडे पोचला. शतकभरात तो तिथल्या नद्यांचा झाला. तिथे हॉटेलं आणि गाइडांची घरं काही प्रमाणात त्याच्यावर चालतात. म्हणजे रेवेतली अंडी ही कुणाची तरी पुढच्या वर्षांची कमाईसुद्धा आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला, काठावर बसून, एक मिळाला. वीतभर, अंगावर लाल ठिपके. सोडून दिला. भाईजी म्हणाले, "अब चाय?"

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर नदीवर गेलात, तर आधी पायाखाली बघा.